वीस अंशांचा हट्ट सोड

चाळीसगावच्या एका तरुण मित्राने विचारलं आहे: "अप्पा, एप्रिलपासून घरी ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचे चार रोल धुतले. फिल्म इलफर्डची एचपी-फाइव्ह, डेव्हलपर कोडॅकचा डी-७६, एक भाग द्रावणाला एक भाग पाणी असा एकास एक, चार्टप्रमाणे २० अंशांवर ११ मिनिटं. पाणी गार करायला फ्रीजमधला बर्फ टाकतो. पहिला रोल पातळ आला. दुसऱ्यावर दुधाळ, जांभळट चट्टे. तिसऱ्यावर सुकल्यावर पांढरे डाग, आणि भिंगातून पाहिलं तर वाळलेल्या तळ्यासारखी बारीक जाळी. चौथा जरा बरा, पण लांबच लांब ओरखडे आणि मध्येच नखाएवढ्या काळ्या चंद्रकोरी. पाणी बोअरचं, हायपो सुटा आणून घरीच बनवतो. कॅमेरा बिघडलाय, केमिकल खराब आहे, का माझ्याच हाताला गुण नाही?"

तू मला अप्पा म्हणालास, तेव्हा मीही सरळ अरे-तुरे करतो. नवख्या वाचकांसाठी एवढंच: डेव्हलपर फिल्मवरचं चित्र उगवतो, हायपो ते पक्कं करतो.

हाताचा दोष नंतर बघू. चारही रोल तू एप्रिल-मे महिन्यात धुतलेस आणि तेही चाळीसगावात, यातच निम्मं उत्तर आलं. इलफर्ड इंग्लंडातली कंपनी, कोडॅक अमेरिकेतली. तिथे २० अंश म्हणजे नळाच्या पाण्यात थोडं कोमट मिसळलं की झालं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी ३८-४० अंशांवर असतं, आंघोळीला कोणी बंब पेटवत नाही. त्या पाण्याला वीसवर आणायच्या खटपटीतच तुझे निम्मे रोल बिघडले आहेत. उरलेले निम्मे बोअरच्या पाण्याने आणि घामाने.

मी १९८४ साली भुसावळच्या एका स्टुडिओत हरकाम्या म्हणून लागलो. झाडू मारणं, चहा आणणं, रेल्वेच्या पासाचे फोटो कापणं. रोल धुवायला हातात मिळाला तो दोन वर्षांनी. आमचे वस्ताद अमळनेरकडचे, अहिराणी बोलणारे. कुठलाही रोल वाईट निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "पानी बिघडनं का रोल बिघडना?" तेव्हा मला तो टोमणा वाटायचा. आता कळतं, माणूस खरंच विचारत होता.

तर आधी पट्टी वाचायला शीक. रोल वाईट आला की चित्राकडे बघू नकोस, कडेकडे बघ. छिद्रांच्या बाजूला फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात ना, ते कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात. तुझ्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. ती अक्षरं ठळक काळी आहेत आणि चित्र मात्र पातळ आहे, तर धुणं ठीक झालंय, प्रकाश कमी पडलाय. मीटर, शटर किंवा आयएसओची चकती तपास. अक्षरंही फिकट आणि चित्रही फिकट, तर धुणं कमी पडलंय. अक्षरं छान, पण चित्र एकही नाही, तर रोल कॅमेऱ्यात पुढे सरकलाच नाही किंवा शटर उघडलं नाही. अक्षरंसुद्धा नाहीत, सगळी पट्टी काचेसारखी स्वच्छ, तर डेव्हलपर मेलेला होता किंवा तू त्याआधी हायपो ओतलास. हसू नकोस. दोन सारख्या बाटल्या, रात्रीचे अकरा, आणि लग्नाचा रोल: माझ्या हातून झालंय हे. तेव्हापासून माझ्या हायपोच्या बाटलीच्या गळ्याला सुतळी बांधलेली असते. अंधारातही हाताला कळते.

तू पाठवलेल्या फोटोत पहिल्या रोलची अक्षरं जेमतेम वाचता येतात. म्हणजे कॅमेरा सुटला. धुणंच कमी पडलं, आणि त्याची दोन कारणं मला तुझ्याच लिहिण्यात दिसतात.

एक म्हणजे बर्फ. तू तो थेट डेव्हलपरमध्ये टाकतोस. अर्धा लिटर द्रावण ३८ वरून २० वर आणायला साधारण ८०-९० ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. तेवढं पाणी तुझ्या डेव्हलपरमध्ये वाढलं. म्हणजे एकास एक राहिलं नाही, आणि वेळ मात्र तू एकास एकचीच दिलीस. बर्फ वापरायचाच तर दुधाची रिकामी पिशवी स्वच्छ धू, पाणी भरून घट्ट गाठ मार आणि गोठव. ती पिशवी द्रावणात बुडवून ढवळ आणि काढून घे. गारवा येतो, पाणी वाढत नाही. ढवळल्याशिवाय थर्मामीटर वाचू नकोस, नाहीतर बर्फाजवळ १६ आणि तळाशी २८ असा खेळ होतो.

दुसरं, तू म्हणतोस की मूळ द्रावण फेब्रुवारीत बनवलं आणि अर्धी रिकामी बाटली ओट्यावर ठेवली. डी-७६ गच्च भरलेल्या बाटलीत सहा महिने टिकतं. अर्ध्या बाटलीत दोन महिने धर, तेही बऱ्या हवेत. ओट्यावरच्या उकाड्यात मी तेवढाही भरवसा धरत नाही. छोट्या छोट्या बाटल्यांमध्ये काठोकाठ भरून ठेव, म्हणजे एका वेळी एकच उघडेल. कोऱ्या चहासारखा रंग आला की मोरीत ओत. शंका असेल तर रोल टँकमध्ये, म्हणजे धुण्याच्या बंद डब्यात, टाकण्याआधी फिल्मच्या पुढच्या टोकाची कापलेली जीभ उजेडातच डेव्हलपरमध्ये बुडव. दोन-तीन मिनिटांत ती गडद काळी झाली तर द्रावण जिवंत आहे. राखाडीवरच अडकली तर रोल वाचला असं समज. ही चाचणी फुकट आहे आणि ती न करता रोल घालवणारे लोक मी आयुष्यभर पाहिलेत.

थर्मामीटरचंही बघून घे. स्वस्तातला असेल तर दोन-तीन अंशांनी खोटं बोलू शकतो. घरात तापाचा डिजिटल थर्मामीटर असेलच. कोमट पाणी ३७-३८ अंशांचं कर, दोन्ही त्यात एकत्र धर. जो फरक दिसेल तो कागदावर लिहून थर्मामीटरला चिकटव.

आता मुद्द्याचं. २० अंश हा काही शास्त्राचा दंडक नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलेली सोय आहे. तापमान वाढलं की डेव्हलपर भराभर काम करतो, म्हणून वेळ कमी करायचा. ढोबळ हिशेब असा, की दर अंशाला वेळ सुमारे १० टक्क्यांनी उतरते. तुझी ११ मिनिटं २४ अंशांवर सव्वासातच्या आसपास येतात, २७ वर सव्वापाच. पाच मिनिटांच्या खाली मात्र जाऊ नकोस. टँक भरायला आणि उपसायलाच पंधरा-पंधरा सेकंद जातात, आणि एवढ्या थोड्या वेळात आकाशासारख्या सपाट जागी पट्टे दिसतात. मग काय करायचं? पाणी वाढवायचं. डी-७६ एकास तीन केलं की २० अंशांवर या फिल्मला २० ते २२ मिनिटं लागतात, म्हणजे २७ वर दहाच्या आसपास. आरामात काम होतं. फक्त टँकमध्ये मूळ द्रावण पुरेसं हवं. एका रोलला किमान १०० मिली तरी पोटात जाईल हे मी बघतो. एकास तीनला ३०० मिलीच्या छोट्या टँकमध्ये ते ७५ च भरतं, म्हणून दोन रिळांचा (रीळ म्हणजे फिल्म गुंडाळायची खाचांची चकरी) टँक घ्यायचा, त्यात एकच रोल घालायचा आणि ६०० मिली ओतायचं. एकदा वापरलेलं पातळ द्रावण पुन्हा बाटलीत भरायचं नाही.

मी स्वतः उन्हाळ्यात २४ धरतो, फारच झालं तर २६. आणि ते मिळतं कुठून, तर माठातून. फ्रीज येण्याआधी आम्ही सगळे तसंच करायचो. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की माठाच्या अंगातून पाणी झरझर उडतं आणि आतलं गार होतं. बाहेर ४३ असताना माझ्या माठात २५ मिळतात, रात्रभर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेला असेल तर २४ सुद्धा. जुनं धाब्याचं घर असेल तुमचं, मातीचं छप्पर आणि हातभर जाडीच्या भिंती, तर तिथल्या आतल्या खोलीत माठ ठेव. सिमेंटच्या स्लॅबखालची खोली संध्याकाळी सातला सर्वांत जास्त तापते, धाब्याला तो त्रास नाही. आमच्या गावाकडची डार्करूम धाब्याच्या घरातल्या धान्याच्या कोठीत होती. ज्वारीचा वास आणि हायपोचा वास एकत्र आला की मला अजून लहानपण आठवतं.

हाच माठ जुलैत मात्र दगा देतो. पावसाळ्यात हवाच दमट, पाणी उडणार कसं? बाहेर ३० असेल तर माठात २७-२८. पण तेव्हा टाकीचं पाणीही तेवढंच असतं, म्हणजे गार करण्याची कटकटच नाही. २७ धर, एकास तीन कर, सगळं एकाच पाण्यात उरक.

धुताना टँक पाण्याच्या टबात उभा ठेव. टबातलं पाणीही त्याच तापमानाचं हवं. उलटासुलटा करायला उचल आणि परत ठेव. ४२ अंशांच्या खोलीत टँक दोन्ही हातांनी कवटाळून बसलास तर दहा मिनिटांत आतलं द्रावण कुठल्या कुठे जातं. पहाटे पाचला उठून धुतलंस तर यातलं निम्मं आपोआप सुटतं. उन्हाळ्यात दुपारी रोल धुणारा माणूस मला हौशी वाटत नाही, हट्टी वाटतो.

यातूनच तिसऱ्या रोलची जाळी समजते. फिल्मवरचा थर जिलेटिनचा. गरम पाण्यात फुगतो, गार पाण्यात आक्रसतो. एकदम हिसका बसला की त्याला सुरकुत्या पडतात. हल्लीच्या फिल्म कारखान्यातच बऱ्यापैकी कडक केलेल्या असतात, त्यामुळे ही जाळी पूर्वीइतकी दिसत नाही. तरी तू ती करून दाखवलीस! कशी ते सांगतो. डेव्हलपर २० वर, त्यानंतर हायपो. तो तू म्हणे आयत्या वेळी स्फटिक विरघळवून केलास. हायपोचे स्फटिक विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतात. लिटरला २५० ग्रॅम घातले तर पाणी १० अंशांच्या आसपास उतरतं, भांड्याला बाहेरून हात लावला तरी कळतं. तू तेही माठाच्या पाण्यात केलं असणार. म्हणजे हायपो १५ अंशांचा, आणि त्यानंतर धुवायला थेट टाकीचं पाणी, ३८ अंशांचं. वीस, पंधरा, अडतीस. जिलेटिनने तरी काय करावं?

हायपो आदल्या दिवशी बनवून ठेव. नाहीतर कढत पाण्यात विरघळव, तो स्वतःच उतरतो. आणि डेव्हलपर, मधलं पाणी, हायपो, शेवटचं धुणं, सगळं एकाच तापमानाचं ठेव, दोन अंश इकडे-तिकडे चालेल. २६ ला सगळं असेल तर २६ चांगलं. २० आणि ३८ यांची सरासरी काढून उपयोग नाही. त्यासाठी सुरुवातीलाच दोन बादल्या पाणी माठातून भरून टबाशेजारी मांडून ठेव. सामान जुळवल्याशिवाय स्वयंपाकीण चूल पेटवते का?

जाळी टाळायला हायपोत तुरटी टाक, असा सल्ला तुला कोणी जुनाजाणता देईल. अर्धवट खरं आहे. तुरटीने जिलेटिन कडक होतं, पण नुसत्या हायपोत तुरटी किंवा आम्ल टाकलं की गंधक सुटतो आणि द्रावण दुधासारखं होतं. कडक करणाऱ्या फिक्सरच्या रीतसर कृतीत सोडियम सल्फाइट, ॲसेटिक ॲसिड, बोरिक ॲसिड आणि तुरटी ठरलेल्या मापाने आणि ठरलेल्या क्रमाने घालतात. ते जमत नसेल तर साधा हायपो वापर, मधे आम्लाऐवजी दोनदा साधं पाणी फिरव आणि हायपोला दहा मिनिटं दे.

इथेच एक इशारा. सुटी रसायनं आणतोस तर चिठ्ठीवर नाव नीट लिहून दे आणि बरणीवरचं नीट वाच. सोडियम सल्फाइट, सल्फेट, बायसल्फाइट आणि थायोसल्फेट या चार वेगळ्या वस्तू आहेत आणि काउंटरवरच्या पोराला त्या एकच वाटतात. डी-७६ चं एका लिटरचं माप म्हणजे मेटॉल २ ग्रॅम, सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. यात सल्फाइटच्या जागी सल्फेट पडलं तर डेव्हलपरचं रक्षण करायला कोणी उरत नाही, लवकरच तपकिरी होतो. मेटॉल आधी विरघळव, सल्फाइट नंतर. सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल विरघळायला कुरकुर करतं. आधी चिमूटभर सल्फाइट मात्र चालतं, किंबहुना घालावंच.

दुसऱ्या रोलचे दुधाळ चट्टे फार वेळ घेणारे नाहीत. रीळ भरताना फिल्मचे दोन वेढे एकमेकांना चिकटले, तिथे ना डेव्हलपर गेला ना हायपो. जिथे चिकटले नव्हते तिथेही हलकी दुधी झाक दिसते, म्हणजे हायपोही थकलेला होता. तो रोल ताज्या हायपोत दहा मिनिटं पुन्हा घाल, उजेडात घातलास तरी चालतं. दुधाळपणा जाईल. चट्ट्यांखालचं चित्र मात्र येणार नाही, ते कधी उगवलंच नव्हतं. हायपोची परीक्षा सोपी. जिभेचा तुकडा त्यात टाक आणि तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोज. त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्यायचा. ताज्या हायपोला जेवढा लागला होता त्याच्या दुप्पट लागायला लागला, की तो हायपो गेला. वापरलेला हायपो कढीपत्त्याला वगैरे ओतू नकोस, त्यात चांदी असते. आमच्या वेळी तर ती काढून घेणारा माणूस डबे घेऊन स्टुडिओत यायचा आणि वस्ताद त्याच्याशी दहा-दहा रुपयांवरून तासभर भांडायचे.

आता बोअरचं पाणी. आपल्या काळ्या दगडातलं पाणी जड. बादलीच्या काठावर पांढरी कड चढते, गिझरची कॉइल वर्षात बसते, तेच क्षार तुझ्या निगेटिव्हवर बसले. लोक जड पाण्याला घाबरून प्रत्येक थेंब विकत आणतात. तसं करायची गरज नाही. डेव्हलपरला पाणी उकळून, गार करून, वरचं निवळ तेवढं घेतलं तरी पुरे. उकळल्यावर बराचसा क्षार तळाला बसतो. घरी आरओ असेल तर प्रश्नच नाही. हायपोला आणि धुण्याला बोअरचं साधं पाणी चालतं, फक्त गाळून घे. फडकं चौपदरी कर, कारण बोअरच्या पाण्यातली बारीक रेती ओल्या फिल्मवर अडकली की पुढचे ओरखडे तिचे.

खरी मेख शेवटच्या पाण्यात आहे. फिल्मवर जे पाणी सुकणार, तेवढं शुद्ध हवं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळतं. पाच लिटरचा कॅन आणलास तर दहा रोल निघतात. मात्र दुकानात 'बॅटरीचं पाणी' एवढंच म्हणू नकोस. त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही असतं, तेव्हा लेबल वाच. त्या पाण्यात फोटोच्या वेटिंग एजंटचे, म्हणजे फिल्मवर पाण्याचे थेंब न राहता ते निथळावं म्हणून घालायच्या द्रवाचे, मोजके थेंब. बाटलीवर लिहिलंय त्यापेक्षा जास्त नाहीच. भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकणारे आहेत, मी टाकत नाही. त्यातला रंग आणि वास फिल्मवरच सुकतो. एजंट नसेल तर नुसतं डिस्टिल्ड पाणी बरं. अर्धा मिनिट बुडव, बाहेर काढ, तिरकी टांग.

पांढरे डाग पडलेला रोल फुकट गेला नाही. डाग चकचकीत बाजूला असतील तर तोंडाची वाफ देऊन मऊ सुती फडक्याने हलकेच पुसून बघ. मंद, म्हणजे जिलेटिनच्या बाजूला फडकं लावायचं नाही. तिथे व्हिनेगर एक भाग, पाणी तीन भाग असं करून दोन मिनिटं भिजव, मग डिस्टिल्ड पाण्यातून काढून पुन्हा टांग. क्षार विरघळतो. जाळीला मात्र उपाय नाही.

धुण्यासाठी तासभर नळ सोडायचा सल्ला जुन्या पुस्तकांत असतो. आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात तो कोण पाळणार? इलफर्डने सांगितलेली रीत वापर. टँक भर, ५ वेळा उलटासुलटा कर, ओत. पुन्हा भर, १० वेळा. पुन्हा भर, २० वेळा. दीड-दोन लिटरमध्ये काम झालं. ही रीत कडक न करणाऱ्या फिक्सरसाठी आहे. आपण साधा हायपो वापरतो म्हणून मी आणखी दोन पाणी देतो आणि ते बादलीत जमा करून मोरी धुवायला काढतो.

चौथ्या रोलच्या चंद्रकोरी म्हणजे भरताना फिल्म मुडपली गेल्याच्या खुणा. चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे फिल्म भरायच्या काळ्या पिशवीत, हात घातलेस, बाहेर ४१ अंश, पाच मिनिटांत आत वाफारा. घामेजल्या हाताला फिल्म चिकटते, प्लॅस्टिकचं रीळ दमट झालं की आतले छर्रे अडकतात. मग आपण जोर लावतो आणि फिल्म मोडते. दुसऱ्या रोलचे वेढे चिकटले तेही यातूनच. रीळ आदल्या दिवशी कडक उन्हात सुकव, आपल्याकडे ऊन कमी नाही. जुन्या टूथब्रशने त्याचे खाचे घास, वेटिंग एजंटचा थर तिथेच साचतो. फिल्मचं टोक सरळ काप आणि दोन्ही कोपरे किंचित गोल कर. बॅग सोडून दे, रात्री दिवे बंद करून बिनखिडकीच्या खोलीत भर, दाराच्या फटीला गोधडी लाव. दहा मिनिटं अंधारात बस, कुठून उजेड येतो ते डोळ्यांना आपोआप दिसायला लागतं. अडकलं तर ओढू नकोस. फिल्म आणि रीळ टँकमध्ये टाकून झाकण लाव, बाहेर जाऊन हात पुस, पाणी पी, मग परत ये. एक रोल बळी देऊन उजेडात, मग डोळे मिटून वीस वेळा भरायचा सराव केलास तर हा परिच्छेद विसरलास तरी चालेल.

ओरखड्यांचं तूच शोधायचं आहेस. रेघ सगळ्या रोलभर एकाच उंचीवर, पट्टीने आखल्यासारखी सरळ असेल तर दोष कॅमेऱ्याच्या मागच्या पट्टीवर किंवा कॅसेटच्या मखमलीत अडकलेल्या कणाचा. जुन्या कॅसेट पुन्हा भरून वापरत असशील तर त्यांची मखमल तपास. रेघ डुलत, वर-खाली जात असेल तर ती तुझ्या दोन बोटांची. ओली फिल्म बोटांच्या चिमटीत धरून निथळायची सवय सोड. ओलं जिलेटिन म्हणजे साय. उन्हाळ्यात ती फिल्म अर्ध्या तासात सुकते, पुसायची घाईच कशाला? फक्त सुकताना कूलर आणि पंखा बंद ठेव, न्हाणीघरात आधी जमिनीवर पाणी शिंपड म्हणजे धूळ बसते, खालच्या टोकाला कपड्यांचे दोन चिमटे लाव नाहीतर फिल्म गुंडाळी होऊन वर चढते. दिवाळीनंतर कापूस घरात आला की वेगळीच तऱ्हा, हवेत सगळीकडे तंतू. त्या दिवसांत कापसाच्या खोलीच्या जवळपास फिल्म टांगायची नाही.

बारीकसारीक राहिलं. निगेटिव्हवर टाचणीच्या डोक्याएवढे स्वच्छ गोल ठिपके म्हणजे हवेचे बुडबुडे. ओतल्याबरोबर टँक टेबलावर दोन-तीनदा ठोक. पट्टीची एकच कड सलग फिकट असेल तर डेव्हलपर कमी ओतलास. टँकच्या बुडाशी आकडा असतो, ३५ मिमीच्या एका रिळाला बहुतेक ३०० मिली. छिद्रांमधून आत येणारे काळपट ओघळ दिसले तर तू टँक घुसळतोयस, ताक नव्हे ते. दर मिनिटाला चार हलके उलटे पुरतात.

आणि डिसेंबर येईल तेव्हा हे सगळं उलटं होईल, हे आत्ताच सांगून ठेवतो. १९८७ च्या दत्तजयंतीला मी सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे तीन रोल काढले होते. तापीकाठची थंडी, दुसऱ्या दिवशी पहाटे घरी येऊन तसाच धुवायला बसलो. पाणी ११ अंशांचं होतं. उन्हाळ्यात वेळ कमी करायची एवढं पाठ होतं, थंडीत वाढवायची हेही ठाऊक होतं, म्हणून दीडपट केली. तरी तिन्ही रोल धुरकट आले. नंतर समजलं, १३ अंशांच्या खाली हायड्रोक्विनोन जवळजवळ झोपतं. मेटॉल एकटं किती ओढणार? तिथे वेळेचा हिशेब लागूच पडत नाही, पाणीच तापवावं लागतं. त्या घोड्यांचे डोळे तेवढे दिसतात, अंग नाही.

तुझा पहिला रोल पातळ असला तरी टाकू नकोस, कडक (जास्त कॉन्ट्रास्टच्या) कागदावर किंवा स्कॅन करून त्यातून बरंच निघेल. दुसरा हायपोत पुन्हा घाल, तिसरा व्हिनेगरमधून काढ. पाचवा रोल भारीतला घेऊ नकोस, घरातल्या घरात अर्ध्या तासात संपवलेला असू दे, पहाटे धू, आणि सगळं २५ अंशांवर. मग फोटो पाठव तेव्हा कडेची अक्षरं आणि छिद्रं दिसतील असा पाठव. मागच्या वेळी तीन पट्ट्यांच्या कडा तू कापूनच टाकल्या होत्यास.